मामांच्या बायोप्सीचे निदान अजून स्पष्ट नाही. या दिवसांत घरच्यांनी काय करावे?

प्रश्न

माझे मामा ५८ वर्षांचे असून सांगली जिल्ह्यात शेती करतात. त्यांच्या उजव्या मांडीत खोलवर एक गाठ गेल्या पावसाळ्यापासून वाढत होती. ती दुखत नसल्यामुळे त्यांनी कोणाला दाखवली नाही. एमआरआयनंतर डॉक्टरांनी सॉफ्ट टिश्यू सार्कोमाचा (स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींत होणाऱ्या कॅन्सरचा) संशय व्यक्त केला आणि जाड सुईने तुकडा काढून तपासणीला पाठवला. दहा दिवसांनी आलेल्या अहवालात ‘स्पिंडल सेल ट्यूमर’ एवढेच लिहून पुढील तपासणी सुचवली आहे. ‘कॅन्सर’ हा शब्द मामांच्या कानावर पडू नये, असा मामींचा आग्रह आहे, तर एवढे थांबण्यापेक्षा गाठ ताबडतोब काढून टाकावी, असे मामेभाऊ म्हणतो. मामा दिवसभर गोठ्यापाशी बसून असतात आणि मी पुण्याहून फोन केला की माझ्याच नोकरीची चौकशी करतात. मी त्यांना आधार द्यावा तो कसा?

पहिला प्रतिसाद

मी पॅथॉलॉजी विभागात, म्हणजे काढलेले तुकडे तपासून निदान करतात तिथे, काम करते, म्हणून आधी मामेभावाच्या म्हणण्याबद्दल लिहिते. निदानाआधी गाठ काढण्याची घाई कृपया करू नका. सार्कोमाची गाठ साधी समजून अर्धवट काढली गेली, तर पेशी आजूबाजूच्या भागात राहतात आणि पुढची शस्त्रक्रिया अधिक मोठी करावी लागते. अहवालाला वेळ लागतो तो हलगर्जीपणामुळेच, असे नसते. ‘स्पिंडल सेल’ म्हणजे लांबट, चातीसारख्या पेशी. त्या स्नायू, मज्जातंतूंचे आवरण अशा अनेक ठिकाणच्या गाठींत दिसतात, आणि त्यांतल्या काही गाठी कॅन्सरच्या नसतातही. त्यामुळे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने (पेशींतली ठरावीक प्रथिने रंगवून ओळखण्याच्या तपासणीने), कधी जनुकीय तपासणीने, त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात. प्रौढांच्या कॅन्सरमध्ये सार्कोमाचे प्रमाण जेमतेम एक टक्का असून त्याचे ५० हून अधिक प्रकार आहेत, म्हणून या आजाराची सवय असलेल्या पॅथॉलॉजिस्टचे दुसरे मत घेणे योग्यच ठरते. त्यासाठी प्रयोगशाळेकडून मेणाचे ब्लॉक (गाठीचा तुकडा ज्यात बसवलेला असतो ते), स्लाइड आणि एमआरआयची सीडी मागून घ्या. ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळते.

दुसरा प्रतिसाद

माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळी आम्ही अहवाल कपाटात लपवला होता आणि तिने तो आमच्या आधीच वाचला होता. तीन आठवडे ती एकटीच घाबरत राहिली, आणि आम्ही तिच्यासमोर हसत राहिलो, याची बोच मला अजून आहे. मामांना सगळे एकदम सांगून टाका, असे मी म्हणत नाही. “डॉक्टर काय म्हणाले, तुम्हाला काय वाटतं?” एवढे विचारून गप्प बसा, त्यांना किती जाणून घ्यायचे आहे, ते तेच सांगतील. मामींशी मात्र आधी बोला, कारण त्यांचा आग्रह भीतीपोटी आहे.

बाकी कामे हाताने करण्यासारखी आहेत. परळच्या टाटा रुग्णालयात जायचे ठरले, तर जनावरांचे दूध कोण काढणार, हे आधी ठरवा. शेतकऱ्याचा जीव तिथे अडकलेला असतो. रुग्णांच्या नातेवाइकांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार होतो, तिथे चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी आधार कार्ड आणि शिधापत्रिका फाइलमध्येच ठेवा. काढे आणि जडीबुटी सुचवणाऱ्या पाहुण्यांचे फोन तुम्ही घ्या, मामांपर्यंत जाऊ देऊ नका.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. मामेभावाला पहिला प्रतिसाद वाचून दाखवला. त्याने शस्त्रक्रियेचा विषय सोडला आहे. काल रात्री मामींच्या संमतीने मी मामांना तोच प्रश्न विचारला. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, “गाठ माझ्या मांडीत, आन् कुजबूज तुमची.” त्यानंतर त्यांनी अर्धा तास प्रश्न विचारले. ब्लॉक घेण्यासाठी मी परवा सांगलीला जात आहे, आणि प्रयोगशाळेत मामाही सोबत येणार आहेत.