लिनक्सवर तुमचा व्हिडिओ प्लेअर कुठला? अनुभव लिहा

अर्धा_टर्मिनल
परवा बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. वायफाय लागलं, आवाज लागला, प्रिंटरसुद्धा पहिल्या फटक्यात लागला. मोठ्या ऐटीत लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.
"शंकू कुठाय?"

शंकू म्हणजे व्हीएलसी प्लेअर, त्याचं चिन्हच शंकू. मी एमपीव्ही टाकला होता, कारण मी तोच वापरतो. त्यांनी फाईल उघडली, चित्र सुरू झालं, आणि ते बटणं शोधत बसले. माउस हलवला की खाली पट्टी येते, असं सांगितलं. "आणि वरचा मेनू?" वर मेनू नसतो. "नसतो म्हणजे?"

त्यावरून २००६ च्या सुमाराची एक रात्र आठवली. एमप्लेअर हा तेव्हाचा प्लेअर तयार पॅकेजमधून सरळ मिळत असताना मला तो सोर्समधून, म्हणजे मूळ कोडवरून स्वतः, कंपाइल करायची खाज होती. कॉन्फिगर, मेक, अमुक लायब्ररी नाही म्हणून बोंब, ती आणा, पुन्हा कॉन्फिगर. पहाटे एकदाचा झाला. फाईल लावली तर चित्र अडखळायला लागलं आणि टर्मिनलवर चांदण्यांच्या चौकटीत निरोप आला: तुमची सिस्टीम हे चालवायला फारच स्लो आहे! खाली संभाव्य कारणांची यादी, आणि त्यात सगळ्यात वर ऑडिओ ड्रायव्हर. मी म्हटलं, चित्र अडकतंय आणि हा आवाजाचं काय बोलतोय? पण तेच निघालं. प्लेअर चित्राचा ताल आवाजाच्या घड्याळावर धरतो, आवाज रखडला की चित्रही रखडतं. ऑडिओ आउटपुट बदललं आणि पिक्चर लोण्यासारखा.

तुम्ही कुठला वापरता, आणि तिथवर कसे पोचलात?

निवांत
शंकू. प्रश्न संपला.

खिडकी_सोडलेली
बाबांना +१

मेक_क्लीन
हहपुवा. "नसतो म्हणजे?" हे आमच्याकडे बायकोने विचारलं होतं.
रच्याकने, प्रिंटर कुठला?

जुना_गडी
आधी एक सांगतो, मग भांडा. यातले बहुतेक प्लेअर आतून भाऊबंदच. फाईल उलगडायचं काम बहुतेक वेळा एफएफएमपेगच्या लायब्रऱ्या करतात, व्हीएलसी असो की एमपीव्ही. एमपीव्ही तर एमप्लेअरच्याच घराण्यातला, मधे एमप्लेअर-२ नावाची एक पिढी होऊन गेली. एसएमप्लेअर, सेल्युलॉइड, हरुणा यांच्या पोटात आता एमपीव्हीच असतो, वरचा अंगरखा वेगळा. ग्नोम डेस्कटॉपवाले मात्र जीस्ट्रीमर या दुसऱ्या लायब्ररीवर चालतात, ते वेगळं घर. त्यांचा प्लेअर टोटेम इतकी वर्षं होता, आता ग्नोम ४९ पासून त्याच्या जागी शोटाइम आलाय.

म्हणजे "याच्यात फाईल चालत नाही, त्याच्यात चालते" याचं कारण पुष्कळदा प्लेअर नसतोच. कोडेक, म्हणजे व्हिडिओ उलगडणारे तुकडे, टाकलेले नसतात. पेटंटच्या भानगडीमुळे काही डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे वेगवेगळे अवतार, एच.२६४, एच.२६५ या व्हिडिओ प्रकारांचे कोडेक सोबत देत नाहीत, ते वेगळे आणावे लागतात. मी हे कळायच्या आधी सात प्लेअर टाकले होते. सातही तसेच पडून आहेत.

निवांत
सात!!

जुना_गडी
कॅफीन नावाचा प्लेअर धरून आठ.

पंखा_बंद_करा
माझी रामकहाणी पंख्याची. नवी एच.२६५ ची फाईल लावली की लॅपटॉप विमानासारखा घोंघावायचा. तीन महिने मी पंखा साफ करत होते. मग कोणीतरी सांगितलं, एमपीव्हीमध्ये 'आय' दाब. पडद्यावर आकड्यांची जंत्री आली, किती फ्रेम गळाल्या वगैरे, आणि हार्डवेअर डीकोडिंगचा, म्हणजे व्हिडिओ उलगडायचं काम चिपवर टाकण्याचा, पत्ताच नाही. एमपीव्हीत ते आपणहून चालू नसतं, मुद्दाम करावं लागतं. कंट्रोल-एच दाबलं आणि पंखा गप्प. मी एकटीच होते खोलीत, तरी टाळ्या वाजवल्या.

पण १० बिटवाल्या (जास्त रंगछटांच्या) फायलींना पंखा अजून सुटतो. माझा प्रोसेसर इंटेल सहाव्या पिढीचा. त्याला ८ बिट जमतं, १० बिट सातव्यापासून पुढे. तिथे कुठलाही प्लेअर टाका, चिपलाच येत नाही तर तो काय करणार.

मेक_क्लीन
कंट्रोल-एच कायमचं करायचं तर एमपीव्ही डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाईलमध्ये एक ओळ टाका, रोज दाबू नका :)

पंखा_बंद_करा
केलंय हो कधीच. एवढीही अडाणी नाही.

मेक_क्लीन
ह. घ्या.

मात्रा_वेलांटी
माझं कारण वेगळं, सबटायटल्स. पूर्वी देवनागरी सबटायटल लावलं की आधी चौकोन चौकोन यायचे. फॉन्ट टाकला तर अक्षरं आली, पण पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे! "किती" लिहिलंय तर क, मग वेलांटी, मग ती. जोडाक्षरांचे तर पाय मोडलेले. आईला वाटायचं मराठी लिहिणाऱ्यालाच येत नाही. ती तावातावाने शुद्धलेखन काढायची आणि पिक्चर राहायचा बाजूला. आता हार्फबझ नावाची लायब्ररी अक्षरं नीट जुळवून देते, नोटो फॉन्ट बहुतेक वेळा आधीच असतो, त्यामुळे कटकट संपली. तरी आई अजून चुका शोधते. सापडतातही.

निवांत
सापडणारच. आमच्या शाळेतल्या बाई… जाऊ दे, अवांतर होईल.

खिडकी_सोडलेली
सांगा की

तबकडी
सबटायटल मागेपुढे होत असेल तर व्हीएलसीत जी आणि एच, एमपीव्हीत झेड. घाईत आहे, बाकी रात्री लिहितो.

कंगवा
माझा अनुभव जरा मोठा आहे.

ताईच्या लहानपणची हँडिकॅमची टेप कोणीतरी कॉम्प्युटरवर घेऊन दिली होती. लावली तर जिथे हालचाल तिथे चित्राला दात. ती झोक्यावर बसलेली, आणि झोका पुढे आला की चेहऱ्यावर आडव्या रेघांचा कंगवा. आम्हाला वाटलं टेप खराब झाली, गेलं सगळं. वर्षभर कोणी ती फाईल उघडलीसुद्धा नाही. मी प्लेअर बदलून बदलून बघत होतो, सगळ्यात दात.

एके दिवशी व्हीएलसीत चुकून 'डी' दाबलं गेलं. दात गायब. ताईचा चेहरा स्वच्छ, नाकावरचा ओरखडासुद्धा दिसतोय.

जुने कॅमेरे एका फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं साठवायचे, विषम ओळींचं एक आणि सम ओळींचं दुसरं, दोन्ही क्षण वेगळे. आताच्या स्क्रीनवर ती एकत्र दाखवली की कंगवा होतो. डीइंटरलेस केलं की जातो. एमपीव्हीतही कळ तीच, डी. टेपला काहीच झालं नव्हतं. वर्षभर उगाच सुतक पाळलं.

अर्धा_टर्मिनल
अंगावर काटा आला. आमच्याकडेही अशा फायली आहेत, आजच बघतो.

मात्रा_वेलांटी
@कंगवा, ताईला ओरखड्याचं सांगितलंत का? :)

कंगवा
तो मीच काढला होता.

सुडो_सम्राट
मी एकेकाळी सगळं रूटने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यातून, चालवायचो. व्हीएलसी उघडायला गेलो तर साफ नकार: रूटने चालवायचं नाही, क्षमस्व. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या प्रोग्रामने मला शिस्त लावली. तेव्हापासून त्याला मानतो.

जुना_गडी
दंडवत. त्या शंकूची गंमत माहितीय ना? १९९६ मध्ये इकोल सेंत्राल पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी कॅम्पसच्या नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवायला हा उद्योग सुरू केला. तिथल्या पोरांना रस्त्यावरचे शंकू जमवायचा नाद होता, तोच पुढे चिन्हात आला. नावातला शेवटचा 'सी' म्हणजे क्लायंट, कारण पाठवणारा सर्व्हर वेगळा होता. २००१ मध्ये सगळं जीपीएल या मुक्त परवान्याखाली मोकळं केलं. डिसेंबरच्या शेवटी शंकूला लाल टोपी चढते, ती मात्र मला आवडत नाही.

खिडकी_सोडलेली
टोपीला नावं ठेवू नका. मुलगी वाट बघते.

पाटी_पेन्सिल
लेक्चर बघणाऱ्यांनी एमपीव्हीच घ्यावा असं माझं मत. चौकटी कंसाच्या कळांनी वेग कमीजास्त, बॅकस्पेसने पूर्ववत. शिफ्ट धरून क्यू दाबलं की जिथे थांबलात ते लक्षात ठेवून बंद होतो.
तोटा एकच. एस दाबलं की स्क्रीनशॉट. धाकट्याला कीबोर्डजवळ दोन मिनिटं सोडलं, तर सरांच्या उघड्या तोंडाचे ४३ फोटो.

निवांत
एखादा टाका इथे

पाटी_पेन्सिल
नको, सर बघतील.

तबकडी
आलो. डीव्हीडी फिरतेय पण चालत नाही असं असेल तर कुलूप उघडणारी लिबडीव्हीडीसीएसएस ही लायब्ररी वेगळी टाकावी लागते, कायद्याच्या कारणाने पुष्कळ डिस्ट्रो ती सोबत ठेवत नाहीत. आणि फ्लॅटपॅकमधून, म्हणजे प्रोग्राम बंद डब्यात ठेवणाऱ्या पॅकेजमधून, प्लेअर घेतलात आणि बाहेरच्या ड्राइव्हवरचा पिक्चर चालतोय पण शेजारची सबटायटल फाईल दिसत नाहीये, तर त्या फोल्डरची परवानगी द्या. मी यापायी एक अख्खी संध्याकाळ सबटायटल फाईलचं नाव बदलत घालवली. कॅपिटल केलं, स्मॉल केलं, स्पेस काढली…

पंखा_बंद_करा
स्पेस काढली :D अगदी अगदी

अर्धा_टर्मिनल
सगळ्यांचे आभार. बाबांना शंकू टाकून दिला. एमपीव्ही काढला नव्हता, राहू दे म्हटलं. आज दुपारी डोकावलो तर एमपीव्हीत पिक्चर चालू. मी काही बोललो नाही. तेच म्हणाले, "चुकून उघडला. पण याच्यात मधे काही येत नाही." आणि मला पडद्यासमोरून बाजूला व्हायची खूण केली.

खिडकी_सोडलेली
बाबांना पुन्हा +१

मेक_क्लीन
अहो पण प्रिंटर कुठला?