कॉलेजच्या पत्रासाठी बातम्यांचे विषय कुठून आणायचे? (बजेट शून्य)

कृष्णाकाठची
नमस्कार. मी कराडजवळच्या एका अनुदानित कॉलेजात एसवायबीएला आहे. आमचं चार पानी पत्र महिन्यातून एकदा निघतं. ए-थ्री कागद, मध्ये घडी, २०० प्रती. कॉलेजकडून १२०० रुपये मिळतात आणि ते सगळे झेरॉक्सवाल्याकडे जातात. हातात काहीच उरत नाही, हे आधीच सांगते.

लिहिणारे आम्ही नऊ जण. मानधन नाही, मार्क नाहीत, जबरदस्ती तर नाहीच. सात जणांना साडेचारची एसटी गाठायची असते. "काहीतरी लिहून आणा" म्हटलं की येतं ते असं: 'मोबाईल: शाप की वरदान', 'पर्यावरण: काळाची गरज' आणि 'आई'. या महिन्यात 'आई' तीन आल्या. मला निबंध नकोत, बातम्या हव्यात. विषय कुठे शोधायचे आणि हौशी विद्यार्थीनींना कसे वाटून द्यायचे? आधी भित्तीपत्रक होतं तेव्हाही हीच बोंब होती.

ऱ्हस्वदीर्घ
'विद्यार्थिनी' असं लिहावं, 'थि' ऱ्हस्व. आणि 'भित्तिपत्रक', 'त्ति'ही ऱ्हस्वच. पत्र काढणाऱ्यांनी तरी एवढं पाळावं. बाकी उपक्रम स्तुत्य.

कॅमेराबाज
विषय डोळ्यांनी सापडतात, आणि डोळे म्हणजे कॅमेरा. मी सेकंडहँड डीएसएलआर घेतला, १८ हजारांत, सोबत पन्नासची लेन्स. तेव्हापासून एक दिवस विषयाविना गेला नाही. नऊ जणांनी दोन-दोन हजार काढले की झालं.

कृष्णाकाठची
दादा, झेरॉक्समध्ये फोटो काळाकुट्ट येतो. प्राचार्यांचा फोटो छापला होता, ते स्वतःला ओळखू शकले नाहीत.

तालुका_वार्ताहर
२६ वर्षं तालुक्याची वार्ताहरकी केली. ६ जानेवारीला पत्रकार दिनाला शाल-नारळ मिळायचा आणि मानधन तीन-तीन महिने थकायचं, त्यामुळे फुकट लिहिणाऱ्यांचं दुःख मला सांगू नकोस.

बाळा, पोरांना विषय देऊ नकोस, जागा दे. एकाला कँटीन, एकाला ऑफिसची खिडकी, एकाला ग्रंथालय, एकाला वसतिगृह, एकाला मैदान. आठवड्यातून अर्धा तास तिथं नुसतं उभं राहायचं आणि तीनच गोष्टी टिपून आणायच्या: नवीन काय आलं, बंद काय पडलं, लोक कुरकुर कशावर करतात. यातलं 'बंद काय पडलं' हे सोनं आहे. नवीन आलेल्याची प्रेसनोट निघते, फीत कापतात, फोटो होतो. बंद पडलेल्याची प्रेसनोट कोण काढणार? मी एका गावात पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाची बातमी दिली होती, दोन कॉलम, फोटोसह. चार वर्षांनी सहज त्याच रस्त्यानं गेलो तर टाकीत पाणी कधी चढलंच नव्हतं. पहिल्या बातमीची मला लाज वाटली, दुसरी गाजली.

हल्लीचे वार्ताहर व्हॉट्सअॅपवर आलेली प्रेसनोट जशीच्या तशी पुढं ढकलतात. चुकीच्या नावासकट.

माहितीवाला
एवढे कष्ट कशाला? माहितीचा अधिकार, २००५. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, अर्ज द्या, ३० दिवसांत उत्तर. अनुदानित कॉलेज आहे म्हणजे कायद्याच्या कक्षेत आहे. जिमखाना फी किती जमली, कशावर खर्च झाली? मी आजवर ४१ अर्ज टाकलेत.

सावधान_इंडिया
हे असले सल्ले विद्यार्थ्यांना देऊ नका. माझ्या भाच्याने स्वतःच्याच कॉलेजात अर्ज टाकला. अंतर्गत गुण कमी झाले की नाही ते सिद्ध करता येत नाही, पण सर बोलेनासे झाले एवढं खरं.

माहितीवाला
भाच्याने अर्जात दहा विषय कोंबले असतील. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत, असा नियम आहे. लोक निबंध लिहितात आणि मग रडतात.

सावधान_इंडिया
माझ्या भाच्याचा अर्ज ९० शब्दांचा होता.

जर्सीकर
इथे न्यू जर्सीत माझ्या मुलीच्या हायस्कूलच्या पेपरला स्वतंत्र खोली आहे, १४ संगणक आहेत. दर सोमवारी बैठक. प्रत्येकाने तीन विषय आणायचे, प्रत्येक विषय एका वाक्यात आणि तोही प्रश्नाच्या रूपात मांडायचा. नाहीतर पिझ्झा नाही. तुमच्याकडे व्यवस्था बसवायला हवी, एवढंच.

तालुका_वार्ताहर
१४ संगणक बाजूला ठेव, 'विषय प्रश्नाच्या रूपात' हे मात्र पक्कं लिहून घे. 'ग्रंथालय' हा निबंध होतो. 'ग्रंथालय चारलाच का बंद होतं?' याला कुणाकडं तरी जाऊन विचारावं लागतं.

कृष्णाकाठची
हे आवडलं. पिझ्झ्याच्या जागी वडापाव धरला, १५ रुपये गुणिले नऊ, १३५. तेही नाहीत.

निवृत्त_ग्रंथपाल
मी ३१ वर्षं एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. ग्रंथालय चारला बंद होतं कारण तिथे माणूस एकच असतो, एवढं उत्तर मीच देऊन टाकतो. आता दोन जागा सांगतो, दोन्ही फुकट.

पहिली, कॉलेजच्या संकेतस्थळावरचे नॅकचे, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचे, अहवाल. कुणीही उघडत नाही. ग्रंथांवर वर्षाला किती खर्च, ग्रंथालयात रोज सरासरी किती जण येतात, सगळं आकड्यांत लिहिलेलं असतं. एका मुलीला आठवडाभर ग्रंथालयाच्या दारात बसवा, मोजू द्या, मग अहवालातला आकडा शेजारी ठेवा. (आम्ही तो आकडा कसा काढायचो हे मी इथे लिहिणार नाही.)

दुसरी जागा म्हणजे कॉलेजच्या वार्षिक नियतकालिकाचे जुने अंक. त्यात प्राचार्यांचा अहवाल असतो आणि त्यात 'लवकरच सुरू करीत आहोत' अशी किमान चार वाक्यं असतात. पाच वर्षांपूर्वीचा अंक काढा आणि एकेक वाक्य घेऊन विचारत सुटा, सुरू झालं का? वर्षभराचे विषय झाले.

आणि तुमचा तालुका! टेंभू तुमच्याकडे, म्हणजे आगरकरांचं जन्मगाव. काले तुमच्याकडे, जिथे १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पाटण खोऱ्यातून मुलं येत असतील, त्यांच्या आजी-आजोबांना ११ डिसेंबर १९६७ ची पहाट विचारा. कोयनेचा भूकंप आठवणारी माणसं आता सत्तरीच्या आसपास किंवा पुढेच असणार. अजून दहा वर्षांनी कुणाला विचाराल?

ऱ्हस्वदीर्घ
आगरकरांचा विषय निघाला म्हणून, त्यांचं पत्र 'सुधारक' १८८८ चं. त्याआधी 'दर्पण' हे पत्र, १८३२, मराठी आणि इंग्रजी शेजारी-शेजारी स्तंभांत. त्या लोकांना विषय सुचत नाहीत अशी तक्रार नव्हती.

कॅमेराबाज
त्यांच्याकडे वडापावचं बजेटही नव्हतं.

बॅच_८९
आमच्या वेळी कॉलेजात निवडणुका होत्या, विषयांना तोटा नव्हता! नव्वदच्या दशकात बंद केल्या आणि कॉलेजं मेली. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात पुन्हा तरतूद आली, तुमच्याकडे झाली का कधी निवडणूक? मी स्वतः जीएसला (जनरल सेक्रेटरी) ११ मतांनी पडलो होतो. नंतर कळलं की हॉस्टेलची मतं…

(पुढे तीन परिच्छेद आहेत, मी घडी घातली आहे. विषयावर या. – संपादक मंडळ)

शब्दसखी
कवितांना एक पान द्या ना. माझ्याकडे तयार आहेत. एक 'आई'वरही आहे.

एआय_भाऊ
जग कुठे चाललंय आणि तुम्ही दारात बसून माणसं मोजताय. एआयला विचारा, दहा सेकंदांत पन्नास विषय. मी आत्ताच विचारलं, पहिले तीन: परीक्षेचा ताण, प्लास्टिकमुक्त परिसर, समाजमाध्यमांचे परिणाम.

तालुका_वार्ताहर
म्हणजे शाप की वरदान.

नवी_सदस्या_७
धागा पूर्ण वाचला नाही, पण मला वाटतं मुलांना वेगवेगळ्या जागा वाटून द्याव्यात, कँटीन, ग्रंथालय वगैरे. आणि माहितीचा अधिकार वापरून बघा.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार. काल बैठक घेतली. जागा वाटायला गेले तर कँटीनसाठी चौघे उभे राहिले आणि ऑफिसच्या खिडकीसाठी कुणीच नाही. ग्रंथालयाच्या दारात आठवडाभर बसायला ज्यांना वेळ आहे ते दोघे वसतिगृहात राहतात, आणि त्यांना आकडेमोड नको आहे.

म्हणून ठरवलं की यावेळी कुणालाच जागा द्यायची नाही. सात जण ज्या साडेचारच्या गाडीत रोज बसतात, अख्खा अंक त्या गाडीचा करायचा. वसतिगृहातले दोघे त्या दिवशी शेवटच्या थांब्यापर्यंत येणार आणि मुक्काम मैत्रिणींकडे करणार.

तालुका_वार्ताहर
नऊ वार्ताहर एका गाडीत? अगं, चार पानं एकाच विषयावर कोण वाचणार! वाटून दे म्हणतोय ना.

निवृत्त_ग्रंथपाल
भूकंप तरी ठेवा.

कृष्णाकाठची
तीन आठवड्यांनी येतेय. अंक निघाला. वाहकांची मुलाखत झाली, गाडी भरली की सर्वात आधी कोणत्या थांब्यावर थांबणं सोडावं लागतं ते त्यांनी सांगितलं, आणि त्या थांब्यावरची मुलगी आमच्याच वर्गातली निघाली. ती आठवड्यातून दोनदा तरी पहिलं लेक्चर चुकवते, हे आम्हाला वर्षभर माहीतच नव्हतं.

सर्वात जास्त चर्चा झाली ती हिशेबाच्या चौकटीची. विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिसरा हिस्सा भरायचा. मुलींना मार्च २०२३ पासून तसंही अर्धं तिकीट आहे. मग पासाच्या दिवसांपैकी दोन-तृतीयांशांपेक्षा कमी दिवस कॉलेजात आलं, तर पासापेक्षा अर्धं तिकीट स्वस्त पडतं. 'आई' लिहिणाऱ्या एकीने हे शोधून काढलं, ती घरी किराण्याचा हिशेब ठेवते. आता मुली म्हणतात, हे छापलंत म्हणून हजेरी कमी होणार. सरही तेच म्हणाले, पण हसत.

भूकंप डिसेंबरच्या अंकात घेतोय, ग्रंथपाल सर. गाडीत पाटणकडचे एक आजोबा भेटले, त्यांचा पत्ता घेऊन ठेवलाय.

माहितीवाला
ती गाडी वर्षात किती वेळा रद्द झाली, विचारा आगाराला. १० रुपये.

ऱ्हस्वदीर्घ
अंक पाहिला. पान ३, दुसरा परिच्छेद: 'विद्यार्थीनी'.

कृष्णाकाठची
काका, २०० झेरॉक्स निघाल्यात.