कोकसाठी कोळसा घ्यायचाय, रिपोर्टमध्ये राख १७ टक्के पण सीएसएन (तापवल्यावर कोळसा किती फुगून चिकटतो त्याचा आकडा) फक्त २. मदत हवी आहे

राम राम मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे, क्युपोलावर (कोक जाळून लोखंड वितळवायची उभी भट्टी) चालणारी. एक दलाल मागं लागलाय की झरियाच्या एका खाणीचा कोळसा घेऊन तिकडच्याच भट्टीत कोक (हवेशिवाय भाजलेला कडक कोळसा) पाडून घेऊ, चार-पाच फाउंड्रीवाल्यांनी मिळून पैसे घालायचे. सोबत लॅबचा रिपोर्ट: ओलावा १, राख १७, व्होलाटाइल (तापवल्यावर वायू होऊन उडणारा भाग) २४, हे सगळं टक्क्यांत, आणि सीएसएन २. वर ठळक अक्षरात 'स्टील ग्रेड २'. "पोलादाला चालतो, मग तुमच्या क्युपोलाला काय धाड भरलीय?" असं त्याचं म्हणणं.

बाकी आकडे बरे दिसतात, मग कोळसा फुगत का नाही? ॲडव्हान्स द्यायच्या आधी काय मागून घेऊ?

भट्टीवाला:
दादा, ग्रेडवर जाऊ नका. आपल्याकडं स्टील ग्रेड २ म्हणजे राख १५ ते १८ टक्के, बास. कोळसा चिकटतो की नाही हे ग्रेड सांगतच नाही. ते सीएसएन सांगतो: एक ग्रॅम पूड मुशीत तापवायची, जी गोळी तयार होते ती ठरलेल्या आकृत्यांशी ताडायची. ० ते ९ मध्ये २ म्हणजे जेमतेम धरलेली गोळी.

कारणं दोन असू शकतात. नमुना उघड्यावर पडलेल्या ढिगातला असेल तर हवा लागून फुगणं मरतं, राख मात्र तेवढीच राहते. नाहीतर कोळशातच इनर्टिनाइट (तापवल्यावर न वितळणारा, न फुगणारा भाग) जास्त. गोंडवाना कोळशाचं, म्हणजे झरियासारख्या आपल्याकडच्या जुन्या खडकांतल्या कोळशाचं, हे जुनं दुखणं. खाणीत नुकत्याच खणलेल्या तोंडावरचा ताजा नमुना घेऊन सीएसएन पुन्हा काढा, जोडीला व्हिट्रिनाइटचं (वितळून फुगणारा भाग) प्रमाण आणि रिफ्लेक्टन्स (त्या भागाची चकाकी, यावरून कोळसा किती पक्व ते कळतं) मागा. झरियाजवळ धनबादलाच सिंफर (खाण आणि इंधन संशोधनाची सरकारी संस्था) आहे, तिथं चौकशी करा.

आणि राख बरी कशी म्हणता? व्होलाटाइल उडून गेलं की राख मागं उरते. १०० किलो कोळशाचा साधारण ७५ किलो कोक, त्यात १७ किलो राख, म्हणजे २२ टक्क्यांच्या वर. पोलादवाले असला कोळसा कमी राखेच्या आयात कोळशात मिसळून खपवतात. तुम्ही नुसता जाळणार. चुनखडी वाढेल, स्लॅग (वितळलेली मळी) वाढेल, लोखंड थंड पडेल.

धागाकर्ता:
आभारी आहे. फोन केला, नमुना 'स्टॉकमधला' म्हणतो, कधीचा ते सांगत नाही. ॲडव्हान्स थांबवलाय. आता तो म्हणतोय की धुऊन राख १२ वर आणून देतो. यात काही फसगत?

भट्टीवाला:
धुतल्यावर माल किती उरतो ते लेखी घ्या. झरियाचा कोळसा धुवायला अवघड, १२ वर आणताना निम्मा माल वाया गेला तर भाव कुठल्या कुठं जाईल. सीएसएनही धुतलेल्या मालाचाच मागा.