अंगावर पित्त उठणे आणि मास्ट पेशी

निशिगंध:
दिवाळीपासून माझ्या अंगावर जवळजवळ रोज संध्याकाळी गांधी उठतात आणि सकाळपर्यंत मावळतात. आमसुलाचे पाणी लावल्याने तेवढ्यापुरते बरे वाटते. अ‍ॅलर्जीच्या चाचण्यांची गरज नाही, हा मास्ट पेशींचा उद्योग आहे, एवढेच त्वचारोगतज्ज्ञ म्हणाले. अ‍ॅलर्जी नसताना या पेशी का बिथरतात, आणि त्या त्रासच देणार असतील तर शरीराने त्या बाळगल्या कशासाठी?

रानवाट:
त्वचा, श्वासनलिका आणि आतडे यांच्या अस्तरात, रक्तवाहिन्यांना व चेतातंतूंना लागून या रोगप्रतिकारक पेशी ठाण मांडून असतात. जर्मन वैद्यक पॉल अर्लिख यांनी १८७८ च्या प्रबंधात त्यांचे वर्णन केले. अ‍ॅनिलिन रंग दिल्यावर त्यांच्यातील कण वेगळ्याच छटेचे दिसतात. त्या कणांत हिस्टामिन, हेपारिन आणि ट्रिप्टेज ही रसायने साठवलेली असतात. पेशीवर बसलेल्या आयजीई या अ‍ॅलर्जीशी निगडित प्रतिपिंडांना त्यांचा नेमका पदार्थ, म्हणजे ज्याची अ‍ॅलर्जी आहे तो, भेटला की काही मिनिटांत हा साठा बाहेर पडतो, सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि गांधी उठते.

मात्र सहा आठवड्यांहून अधिक रेंगाळणाऱ्या पित्तात पुष्कळदा शरीराचीच प्रतिपिंडे आयजीईवर किंवा त्याच्या ग्राहीवर (पेशीवर ते जिथे चिकटते त्या रेणूवर) उलटून या पेशींना चेतवतात, त्यामुळे धूळ, शेंगदाणे, कोळंबी यांच्या चाचण्यांतून सहसा काही हाती लागत नाही. व्हॅन्कोमायसिनसारखे औषध तर आयजीईला वगळून, दुसऱ्याच ग्राहीमार्फत हाच साठा मोकळा करू शकते.

घाटमाथा:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल: जंत आणि जिवाणू यांच्याविरुद्ध या पेशी उपयोगी पडतातच, पण मला अधिक विलक्षण वाटतो तो २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला उंदरांवरील प्रयोग. मास्ट पेशींतील कार्बोक्सिपेप्टिडेज हे विकर सापाच्या विषातील घातक घटक तोडते आणि या पेशी नसलेले उंदीर त्या विषाला अधिक सहज बळी पडतात, असे त्यात दिसले.

निशिगंध:
आभारी आहे. मग ट्रिप्टेजची रक्ततपासणी करून घ्यावी का?

रानवाट:
निव्वळ गांधींसाठी ती सहसा करत नाहीत. अ‍ॅनाफिलॅक्सिसची, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीची, शंका असल्यास, किंवा केआयटी जनुकातील बदलामुळे मास्ट पेशींचीच बेसुमार वाढ होणाऱ्या मॅस्टोसायटोसिससाठी तिचा उपयोग होतो. तुमच्या बाबतीत झोप न आणणाऱ्या नव्या अँटिहिस्टामिन गोळ्या नियमित घेणे हाच पहिला उपाय. त्यांनी भागले नाही तर डॉक्टर मात्रा वाढवतात आणि पुढे ओमॅलिझुमॅबचे इंजेक्शन असते. पण गांधींसोबत जीभ सुजली, श्वास अडकला किंवा भोवळ आली, तर गोळीचा गुण येण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा, कारण तेव्हा मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनलिन लागते.