मदत हवी आहे: पऱ्हाटीच्या लगद्यात उरलेले इथेनॉल सेल्युलेजला नेमके कोठे बाधते?

नमस्कार. मी नागपुरात पदव्युत्तर प्रकल्पासाठी पऱ्हाटीपासून, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांपासून, ग्लुकोज मिळवण्याचे काम करते. वेचणी संपल्यावर विदर्भात पऱ्हाट्या बहुधा धुऱ्यावर जाळल्या जातात किंवा चुलीत जातात, आणि शेतातच राहिल्या तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. त्यांना याहून चांगला उपयोग सापडावा, असे मला मनापासून वाटते.

लिग्निन (तंतूंना चिकटवून ठेवणारा लाकडातील घटक) काढण्यासाठी पऱ्हाटीचा भुसा इथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणात, थोडे आम्ल घालून, बंद पात्रात तापवते. लगदा आधी तशाच गरम मिश्रणाने आणि मग पाण्याने धुते, कारण थेट पाणी ओतले तर विरघळलेले लिग्निन पुन्हा तंतूंवर बसते. पूर्ण धुतलेल्या लगद्यावर ट्रायकोडर्मा रीसी या बुरशीचे सेल्युलेज (सेल्युलोजचे तुकडे करून साखर देणारे विकर, म्हणजे एन्झाइम) ४.८ सामू आणि ५० अंश सेल्सिअसला समाधानकारक काम करते. मात्र पाणी वाचवण्यासाठी धुणे कमी केले, की पहिले काही तास साखर नीट वाढते आणि मग वाढ जवळजवळ थांबते.

इथेनॉल विकराला केवळ तात्पुरते, म्हणजे इथेनॉल असेपर्यंतच, रोखत असते, तर वेग सुरुवातीपासूनच कमी दिसायला हवा होता. त्यामुळे ५० अंशांवर इथेनॉलच्या सान्निध्यात विकराची घडी हळूहळू उलगडत असावी, असे वाटते; पण कमी धुतल्याने लिग्निनही उरते आणि विकर त्याला चिकटून वाया जाते. लगदा वाळवून इथेनॉल उडवता येईल, पण वाळताना तंतूंमधील सूक्ष्म छिद्रे मिटतात, म्हणून ती तुलना योग्य ठरणार नाही. त्याऐवजी पूर्ण धुतलेल्या लगद्यात मोजून इथेनॉल मिसळणार आहे, आणि विकर नुसत्या बफरमध्ये इथेनॉलसह ५० अंशांवर ठेवून, नंतर भरपूर विरल करून त्याची उरलेली क्रियाशीलता पाहणार आहे.

खरी अडचण मोजमापाची आहे. मी डीएनएस या रंगबदलावर आधारित पद्धतीने क्षपणकारी (रिड्यूसिंग) शर्करा मोजते. बीटा-ग्लुकोसिडेज हे विकर सेलोबायोज (दोन ग्लुकोज जोडून बनलेली शर्करा) तोडताना पाण्याऐवजी इथेनॉललाही ग्लुकोज जोडू शकते, आणि तयार होणारे इथाइल ग्लुकोसाइड क्षपणकारी नसल्याने डीएनएसला दिसतच नाही. म्हणजे विकर काम करत असूनही मला ते थांबल्यासारखे दिसत असेल का? गाळलेला द्रव सौम्य आम्लात तापवून ग्लुकोज पुन्हा मोजले तर हे संयुग तुटेल, पण उरलेले सेलोबायोजही तुटेल. आमच्याकडे एचपीएलसीची (द्रवातील संयुगे वेगळी करून मोजणाऱ्या यंत्राची) सोय नाही. आम्लापूर्वी त्याच द्रवाला ताजे बीटा-ग्लुकोसिडेज देऊन सेलोबायोज संपवले, तर तेच विकर इथाइल ग्लुकोसाइडही तोडेल का, आणि तसे असल्यास दोन्ही वेगळे मोजण्याचा साधा मार्ग कोणता, याबद्दल ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.