अर्वा: बारशाचं नाव आणि मधेच आलेली शेळी

पाटीपेन्सिल
मंडळी, येत्या रविवारी मावसबहिणीच्या लेकीचं बारसं आहे. नाव ठरलंय अर्वा. बहिणीच्या पहिल्या नोकरीत या नावाची एक बोहरी मैत्रीण होती, तेव्हापासून हे नाव तिच्या डोक्यात बसलंय. मोबाइलवरच्या नावांच्या याद्यांत अर्थ दिलाय 'तृप्त करणारी, गोड झरा, सुंदर', आणि खाली 'अतिशय दुर्मिळ'. त्यावरून आमंत्रणही तयार झालं, मागे झऱ्याचं चित्र वगैरे.

मी दोन वर्षं शनिवारी अरबीच्या वर्गाला जाते, म्हणून सहज 'लिसान अल्-अरब' हा तेराव्या शतकातला कोश उघडला. तिथे झरा नाही, शेळी आहे! उर्विया म्हणजे डोंगरी शेळी, मादी. तीनपासून दहापर्यंत असतील तर अरावी, त्याहून जास्त असतील तर अर्वा. यावरूनच बायकांना हे नाव ठेवतात, असंही पुढे लिहिलंय. म्हणजे आमची पोर एकटी शेळीसुद्धा नाही, अख्खा कळप!

बहिणीला सांगू की नको? माझं मत: सांगावं, आणि तरी नाव तेच ठेवावं. तुम्हाला काय वाटतं?

खडूस_काका
सांगा, आणि बदलाही. नाव जन्मभर पोरीला वागवायचं असतं, मावशीच्या अरबीच्या वर्गाला नाही. 'अर्थाकडे कोण बघतो' म्हणणाऱ्यांनी सातारा आठवावा. 2011 साली तिथे 285 मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली. त्यातल्या कितीतरी जणींचं नाव नकोशी होतं. हाक मारणाऱ्यांना त्यात काही वाटत नव्हतं, ऐकणारीला वाटत होतं. शेळी ती शेळीच. 'उंटावरून शेळ्या हाकणे' आम्ही शाळेत शिकलो, तुमची भाची ते वर्गात ऐकेल.

डोंगरवाट
काका, नकोशी आणि अर्वा एका तागडीत? एक नाव मुलगी नको म्हणून ठेवलेलं, दुसरं कौतुकानं.

आणि ही शेळी गोठ्यातली नव्हे. ओमानमध्ये नोकरीला होतो तेव्हा तिची भाऊबंद लांबून पाहिलीत. उभा कडा, आपल्याला हात ठेवायला जागा दिसत नाही, तिथे ही चार खूर जुळवून निवांत उभी. नराची शिंगं मागे वळून पार पाठीकडे गेलेली. येमेनमध्ये तर इस्लामच्या कितीतरी आधीपासून या प्राण्याला मान. मारिबच्या बाजूला साबाच्या राज्यात अल्मकह या देवाशी तो जोडलेला, दगडी पट्ट्यांवर त्याची मुंडकी ओळीनं कोरलेली. हद्रमौतमध्ये घरांच्या कोपऱ्यांवर शिंगं लावायची रीत आहे.

अरबीत पोरींना अशी नावं ढिगानं आहेत. रीम म्हणजे पांढरं हरीण, महा म्हणजे टपोऱ्या डोळ्यांचं रानातलं काळवीटासारखं जनावर, रशा म्हणजे हरणाचं पाडस. आपल्याकडे सारिका म्हणजे साळुंकीच ना? बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या. त्यांना कुणी दाणे टाकत नव्हतं.

खडूस_काका
चिमणी अंगणात येते, ती आपली. आणि वर्गात चिडवणारी पोरं मारिबचं देऊळ बघून आलेली नसतात.

रव्याचा_लाडू
धागाकर्तीनं यादीवाल्यांना फारच झोडपलंय. 'तृप्त' हा अर्थ अगदी हवेतून आलेला नाही. र-व-य या धातूचा अर्थच तहान भागणं, पाणी पाजणं. हजच्या महिन्यातल्या आठव्या दिवसाला 'तर्वियाचा दिवस' म्हणतात, पूर्वी यात्रेकरू त्या दिवशी पाणी भरून घ्यायचे म्हणून. कविता पाठ करून पुढे नेणारा तो रावी, हाही तिथलाच. अरबी व्याकरणानं याच धातूवरून 'अधिक तृप्त' या अर्थी अर्वा असं रूप बनतंही. मग आईबापांनी तो अर्थ घेतला तर बिघडलं कुठे?

पाटीपेन्सिल
रूप बनतं, मान्य. पण अक्षरं तीच म्हणून शब्द तोच होत नाही. जेवायला बसायचा पाट, शेताला पाणी नेणारा पाट आणि विधवेचा लावलेला पाट, तिन्ही एकच का? नाव म्हणून हा शब्द रुळला तो शेळीवरून, असं कोशकारच सांगतो. आणि नाव जुनं आहे, यादीवाल्यांच्या फार आधीचं. पैगंबरांच्या एका आत्याचं नाव अर्वा, तिसरे खलिफा उस्मान यांच्या आईचंही अर्वा. त्या काळच्या लोकांना शेळीचा संकोच नव्हता, तो आपल्याला वाटतोय. म्हणून झरा काढून आणला.

थालभर_गप्पा
बोहरी आहे, पुण्यात वाढले, आणि माझंच नाव अर्वा. त्यामुळे दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं धरते.

आमच्याकडे हे नाव शेळीसाठीही नाही आणि झऱ्यासाठीही नाही, राणीसाठी आहे. अर्वा बिंत अहमद, येमेनच्या सुलैही घराण्यातली राणी, मृत्यू 1138. नवरा आजारी पडल्यावर कारभार तिच्या हातात आला आणि पन्नासेक वर्षं तिच्याच हातात राहिला. मशिदींत शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे प्रवचनात, तिचं नाव घेतलं जाई. इजिप्तमधल्या फातिमी खलिफाच्या खुनानंतर वारसाचा वाद झाला, तेव्हा ती त्याच्या तान्ह्या मुलाच्या, तय्यिबच्या बाजूनं उभी राहिली आणि येमेनमध्ये दाईचं, म्हणजे आमच्या धर्मगुरूचं, पद सुरू केलं. ते पद सोळाव्या शतकात गुजरातेत आलं, आज मुंबईत आहे. म्हणजे ती नसती तर आम्ही आज आहोत तसे नसतो.

लहानपणी ऐकलेली तिची गोष्ट सांगते. राजधानी सनाला होती. ती नवऱ्याला म्हणाली, इथल्या लोकांना समोर बोलवा. लोक जमले, जिकडे बघावं तिकडे तलवारी चमकतायत. मग दोघं जिब्लाला गेली, तिथेही लोक बोलावले. कुणी मेंढा ओढत आणतोय, कुणाच्या हातात तुपातेलाचं भांडं. ती म्हणाली, राहायचं तर या लोकांत. राजधानी जिब्लाला हलली. तिची मशीद आणि कबर तिथेच आहे.

आता खडूस काकांना: चिडवलं. पण शेळी म्हणून नाही. हजेरीत बाईंनी पहिल्याच दिवशी 'अर्धा' वाचलं, आणि सातवीपर्यंत मी 'अर्धा पाव' होते. पुढे मार्कशीटवर अरवा, पासपोर्टवर आणखी तिसरंच. त्रास अर्थाचा झाला नाही, लिहिणाऱ्यांचा झाला.

आणि धागाकर्तीला: नाव ठेवा, छान वाटेल. पण झऱ्याचं चित्र बघून मला जरा लागलं. राणी ठाऊक नाही, शेळी नको, फक्त आवाज हवा. असं नाव उचललं की ते खेळण्यासारखं होतं.

खडूस_काका
हे ताईंनी नेमकं सांगितलं. माझं तेच म्हणणं आहे, मी जरा वाकडं मांडलं. ज्या घरात राणीची गोष्ट सांगितली जाते तिथे ते नाव शोभतं. आपल्याकडे नावांचा दुष्काळ पडलाय का? हल्ली आर्वी, मायरा, अनाया, जिकडेतिकडे दोन-तीन अक्षरं आणि शेवटी आकार-ईकार. दुर्मिळ म्हणून आणायचं आणि मग एका बिल्डिंगमध्ये चार.

आळंदीकर_नव्हे
काका, आषाढात माउलींच्या पालखीबरोबर चालता ना? तो सोहळा आजच्या रूपात लावून दिला हैबतबाबा आरफळकरांनी. हैबत हा शब्द अरबी. शिंद्यांच्या दौलतरावातली दौलत अरबी, गायकवाडांच्या फत्तेसिंगातली फत्ते अरबी. शहाजी आणि शरीफजी ही भोसल्यांच्या घरातली नावं नगरच्या शहा शरीफ या पीरांवरून, असं परंपरा सांगते. कुणाच्या घरचं खेळणं झालं का?

खडूस_काका
नाही झालं, कारण ते शब्द चारशे वर्षं इथल्या तोंडात घोळले होते. दौलत म्हटलं की कुणब्यालाही कळायचं. अर्वा कुणाला कळतंय? तुम्हालाही आत्ताच कळलं.

रव्याचा_लाडू
अवांतर: संस्कृतातही अर्वा आहे. अर्वन् म्हणजे घोडा, अमरकोशात घोड्याच्या नावांत सापडेल. त्याची प्रथमा अर्वा. आजी विरोध करत असतील तर हे सांगा. शेळीपेक्षा घोडा त्यांना बरा वाटेल.

पाटीपेन्सिल
नको, एक झरा पुसायला निघाले तर तुम्ही घोडा आणून बांधला. आणि तो पुल्लिंगी!

दुर्मिळपणाबद्दल राहिलंच. हे नाव आपल्यापुरतं दुर्मिळ. येमेनमध्ये, सौदीत ते ओळखीचं आहे, सना शहरात राणीच्या नावानं विद्यापीठ आहे. बातम्या बघणाऱ्यांना युद्धभूमीवरून बोलणारी अर्वा डेमन आठवत असेल.

काल रात्री बहिणीला सगळं सांगितलं, थालभर_गप्पा यांचा प्रतिसाद वाचूनही दाखवला. ती आधी शेळीला हसली, मग राणीपाशी गप्प झाली. झऱ्याचं चित्र काढलंय. आजी मात्र आमच्या बाजूला नाहीत. त्या म्हणाल्या, कळप तर कळप, पण घरात हाक काय मारायची ते आधी ठरवा.

डोंगरवाट
अरबीत म्हण आहे, बोलण्यात अर्वा आणि शहामृग एकत्र केले. एक कड्यावर राहते, दुसरा सपाटीवर, गाठ पडायची नाही. काका आणि या धाग्याचं तसंच चाललंय.

खडूस_काका
शहामृग तर शहामृग. माझं मत बदललेलं नाही. घुगऱ्या असतील तर रविवारी येईन.

पाटीपेन्सिल
या की. @थालभर_गप्पा, पाळण्यावर कागद लावायचाय, रफार द्यायचा की अरवा लिहायचं?

थालभर_गप्पा
रफार द्या. आणि ठळक काढा, धा वाटायला नको.