न्यायाधीन बंद्याची कुटुंबाशी मुलाखत: सवलत की हक्क?

निशिगंध:

माझा धाकटा भाऊ गेले सात महिने न्यायालयीन कोठडीत आहे. आरोपपत्र दाखल झाले असले, तरी खटल्याची सुनावणी अद्याप सुरू झालेली नाही. सुरुवातीला आठवड्यातून एकदा आईला आणि मला त्याची मुलाखत मिळत असे. काचेपलीकडे तो, अलीकडे आम्ही, मध्ये खरखरणारा फोन, आणि हातात वीस मिनिटे. दोन महिन्यांपूर्वी कोणताही लेखी आदेश न दाखवता या मुलाखती थांबवण्यात आल्या. विचारणा केल्यावर "तपासाच्या दृष्टीने आवश्यक" एवढेच उत्तर मिळाले, आणि खिडकीवरील अधिकाऱ्याने वर असेही ऐकवले की मुलाखत ही चांगल्या वर्तणुकीबद्दल मिळणारी सवलत आहे, तो कोणाचा हक्क नव्हे.

त्याहून अधिक अस्वस्थ केले ते नात्यातील एका सुशिक्षित गृहस्थांच्या प्रश्नाने. ते म्हणाले, "बाहेर असता तर त्याने साक्षीदार फोडले असते, म्हणूनच जामीन नाकारला ना? मग घरच्यांना भेटू दिले, तर त्याला आत ठेवून उपयोग काय?" मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. ते गृहस्थ दुष्ट नाहीत, आणि अनेकांना मनातून असेच वाटते, हे मला ठाऊक आहे. म्हणून विचारते: न्यायाधीन बंद्याला, म्हणजे ज्याच्या खटल्याचा निकाल लागलेला नाही अशा कैद्याला, कुटुंबाला भेटण्याचा हक्क खरोखर आहे का, असल्यास कशाच्या आधारे, आणि या आक्षेपाला प्रामाणिक उत्तर काय द्यावे? मला अर्जात लिहिता येईल असे काही मिळाले, तर फार उपकार होतील.

अभिलेख:

ताई, प्रथम "सवलत" या शब्दाविषयी. शिक्षा म्हणून ज्याच्याकडून काही काढून घेतले आहे, त्याला त्यातले थोडे परत देणे म्हणजे सवलत. तुमच्या भावाला कोणत्याही न्यायालयाने शिक्षा सुनावलेली नाही. त्याला आत ठेवण्यामागे खटल्याच्या वेळी तो हजर राहावा, पुराव्याला धक्का लागू नये, फार तर आणखी गुन्हा घडू नये, असे मोजकेच हेतू असू शकतात. त्याला त्रास व्हावा हा हेतू असूच शकत नाही. म्हणून या हेतूंना जितके आवश्यक तितकेच स्वातंत्र्य त्याच्याकडून घेता येते, आणि उरलेले सगळे त्याच्याकडेच राहते. भेटी वर्तणुकीवर अवलंबून आहेत असे म्हणणे म्हणजे निकालाआधीच त्याला दोषी धरणे होय.

हे केवळ माझे मत नाही. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम १४ आरोपीला निर्दोष मानण्याचा हक्क देते, आणि कलम १० सांगते की न्यायाधीन बंद्यांना सिद्धदोष बंद्यांपासून वेगळे ठेवून त्यांच्या स्थितीला अनुरूप अशी वागणूक द्यावी. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८८ साली स्थानबद्ध व्यक्तींच्या संरक्षणाची जी तत्त्वे स्वीकारली, त्यांतील १९ वे तत्त्व कुटुंबीयांच्या भेटीला स्पष्ट शब्दांत हक्क म्हणते. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, पण ते कायद्याने ठरवून दिलेले असावे लागतात. १५ वे तत्त्व तर असे सांगते की अपवादात्मक परिस्थितीतही कुटुंबाशी किंवा वकिलाशी संपर्क काही दिवसांहून अधिक काळ नाकारता येणार नाही. तुमच्या बाबतीत दोन महिने झाले आहेत.

बंद्यांना कसे वागवावे याविषयीचे संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे नेल्सन मंडेला नियमही पाहावेत. नियम ५८ नुसार आवश्यक देखरेखीखाली बंद्याला कुटुंब व मित्र यांच्याशी नियमित संपर्क ठेवू द्यावा लागतो. नियम ४३ असे बजावतो की शिस्तभंगाची कारवाई म्हणूनसुद्धा कुटुंबाशी संपर्क पूर्णपणे तोडता येत नाही, तो फक्त मर्यादित काळासाठी आणि सुरक्षा व सुव्यवस्थेला अत्यावश्यक तेवढाच कमी करता येतो. ही तत्त्वे आणि हे नियम करारासारखे बंधनकारक नाहीत, हे खरे आहे. तरीही न्यायालये त्यांचा आधार घेतात, म्हणून अर्जात त्यांचा उल्लेख जरूर करावा.

आता तुमच्या नातेवाइकांच्या प्रश्नाकडे येतो. युरोपीय मानवाधिकार न्यायालयापुढे स्लोव्हाकियाविरुद्ध एक प्रकरण आले होते, त्याचा निकाल २०११ साली लागला. तेथे सिद्धदोष बंद्याला महिन्याला किमान दोन तासांची भेट मिळत असे, आणि ज्याचा गुन्हा सिद्धच झालेला नाही त्याला किमान अर्ध्या तासाची. न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. तपासाचे हित जपण्याचा हेतू न्यायालयाने नाकारला नाही. मात्र त्यासाठी गरज असो वा नसो, सर्वांवर सरसकट निर्बंध घालण्याऐवजी ज्या प्रकरणात गरज आहे तेथेच तो घालता येतो, असे त्याने म्हटले. इंग्लंड आणि वेल्समध्ये हे प्रमाण बरोबर उलटे आहे: सिद्धदोष बंद्याला साधारणपणे चार आठवड्यांत एकेक तासाच्या दोन भेटी, तर न्यायाधीन बंद्याला आठवड्यात तीन. म्हणजे न्यायाधीन बंद्याला अधिक भेटी देऊनही खटले चालवता येतात.

आणखी एक निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. १९८१ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतील, म्हणजे खटला न चालवता केवळ खबरदारी म्हणून कैदेत ठेवलेल्या, एका स्त्रीच्या प्रकरणात असे ठरवले की कुटुंबीयांना भेटणे हा प्रतिष्ठेने जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तिला महिन्यातून एकच भेट मिळत होती आणि न्यायाधीन बंद्यांना आठवड्यातून दोन. हा फरक न्यायालयाने मनमानी ठरवला.

वहीपेन्सिल:

मी अनेक वर्षे एका कारागृहात अक्षरओळखीचे वर्ग घेतले. कायद्याचे वर सांगून झाले आहे, त्यामुळे मी पाहिले तेवढेच सांगतो.

आत आलेल्या माणसाचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. बाहेर काय चालले आहे, नोकरी गेली का, मूल शाळेत जाते का, हे त्याला काहीच कळत नाही, आणि हे किती दिवस चालणार तेही कोणी सांगू शकत नाही. शिक्षा झालेला माणूस निदान दिवस तरी मोजू शकतो. मुलाखत झाल्यावर त्या संध्याकाळी माणूस जेवतो, झोपतो, दुसऱ्या दिवशी वर्गाला येतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

आत काय घडते याचा बाहेरचा पहिला साक्षीदारही कुटुंबच असते. चेहऱ्यावरची सूज, तुटलेले बोट, अडखळणारी जीभ आईला ताबडतोब दिसते. पुढे वकील गाठणे, जामीनदार शोधणे, त्या दिवशी तो दुसरीकडे होता हे दाखवणारा कागद मिळवणे, ही कामेही घरचीच माणसे करतात. भेट बंद झाली की त्याचा बचावच पंगू होतो. एकटा पडलेला माणूस केवळ सुटका व्हावी म्हणून न केलेला गुन्हाही कबूल करून बसतो.

मुलांविषयी थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही. १९८९ च्या बालहक्क करारातील कलम ९ नुसार आईवडिलांपासून दुरावलेल्या मुलाला, त्याच्या हिताला बाधा येत नसेल तर, दोघांशीही नियमित आणि थेट संबंध ठेवण्याचा हक्क आहे. हा हक्क मुलाचा आहे, आणि मुलावर तर कोणताच आरोप नसतो. चार वर्षांची एक मुलगी काचेला तळहात लावून उभी होती, आणि पलीकडून बापाने त्याच जागी हात टेकवला होता. वेळ संपल्याची घंटा झाली तरी तिला हात काढवेना. रशियातील एका न्यायाधीन बंद्याला साडेतीन वर्षे काचेआडूनच कुटुंबाला भेटावे लागले, तेव्हा गरज दाखवून न देता असे करणे हा कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग असल्याचे युरोपीय न्यायालयाने २००८ साली म्हटले. ते वाचताना मला ती मुलगी आठवली.

तिसरी_बाजू:

मी या चर्चेत दुसऱ्या बाकावरून आलो आहे. एका गंभीर खटल्यात मी साक्षीदार होतो, आणि आरोपीच्या मेहुण्याने मला दोनदा धमकावले. त्यामुळे साक्षीदार फोडण्याची भीती काल्पनिक आहे असे कोणी म्हटले, तर मी ते मान्य करणार नाही.

परंतु माझ्या प्रकरणात न्यायाधीशांनी जे केले ते सांगतो. त्यांनी त्या मेहुण्याची भेट ठराविक मुदतीसाठी बंद केली, त्याची कारणे लेखी दिली, आणि आरोपीच्या पत्नीला व वडिलांना अधिकाऱ्याच्या उपस्थितीत भेटू दिले. मला त्याने पुरेसे संरक्षण मिळाले. आरोपीच्या वृद्ध वडिलांना दारातून परत पाठवून माझी सुरक्षितता तसूभरही वाढली नसती. ज्या व्यक्तीपासून धोका आहे तिचे नाव घ्यावे, धोका काय आहे ते लिहावे, आणि तो केव्हा पुन्हा तपासणार ती तारीख द्यावी, एवढे तपास यंत्रणेला अशक्य नाही. तिला हे लिहिता येत नसेल, तर बहुधा लिहिण्यासारखे काही नसते.

निशिगंध:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आज दूरध्वनीवर सांगण्यात आले की प्रत्यक्ष भेटीऐवजी महिन्यातून एकदा दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल देऊ. आईला कमी ऐकू येते. हे स्वीकारावे का?

अभिलेख:

स्वीकारावे, पण "प्रत्यक्ष भेटीचा हक्क राखून" असे लेखी कळवूनच. नियम ५८ मध्ये दूरसंचार साधनांचा संपर्क आणि प्रत्यक्ष भेट या दोन गोष्टी स्वतंत्रपणे नमूद आहेत, एक दिली म्हणून दुसरी टळत नाही. महामारीच्या काळात जगभर व्हिडिओ कॉल हा आधार ठरला, आणि दूर राहणाऱ्यांसाठी तो आजही उपयुक्त आहे. पण तो तात्पुरता उपाय होता. मार्च २०२० मध्ये इटलीत भेटी अचानक स्थगित झाल्या, तेव्हा अनेक कारागृहांत उद्रेक होऊन १३ बंदी मरण पावले. संसर्गाचे भय हेही त्यामागे होतेच. पण बंदिवासातील माणसासाठी भेटीचा दिवस काय असतो, हे अधिकाऱ्यांना तेव्हा तरी कळायला हवे होते.

अर्ज खटला चालवणाऱ्या न्यायालयाकडे वकिलामार्फत करावा आणि प्रत कारागृह अधीक्षकांना द्यावी. भेटीसाठी गेलेल्या प्रत्येक दिवसाची तारीख, वेळ आणि मिळालेले तोंडी उत्तर त्यात लिहावे. निर्बंधाचा लेखी आदेश, त्याचे कारण आणि मुदत मागावी. देखरेखीखाली भेटण्यास व सन्मानपूर्वक झडती देण्यास आपण तयार आहोत, हे आधीच नमूद करावे, म्हणजे तो मुद्दा पुढे करता येणार नाही. आणि एक अर्ज आईच्या नावे वेगळा द्यावा. त्यात त्यांच्या श्रवणदोषाचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून, फोनवरून किंवा पडद्यावरून त्यांना मुलाचे बोलणे कळत नाही, असे त्यांच्याच शब्दांत लिहावे.